आरसी विमानाचा सीजी: आधी कागदावर, मग बोटांवर, शेवटी हवेत

नवं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान घेऊन कुणी मैदानावर आलं की मी आधी एकच विचारतो, सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं ती जागा) कुठे ठेवलाय? बहुतेक जण पंखाखाली बोट धरून दाखवतात, "इथे, साधारण." त्या 'साधारण'वर महिन्या-दोन महिन्यांची मेहनत पणाला लागलेली असते.

मी स्वतः बांधलेलं पहिलं विमान असंच गेलं. डेप्रॉनचं, म्हणजे हलक्या फोमच्या शीटचं होतं, वजन ७०० ग्रॅम. घरी टेबलाशी उभं राहून बोटांवर तोललं, छान सपाट राहिलं. मैदानावर हातातून सोडलं तसं नाक वर गेलं, आणखी वर गेलं, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) पूर्ण डाउन दिला तरी खाली येईना. मग ते एका पंखावर कलंडलं आणि थेट जमिनीत घुसलं. तुकडे गोळा करताना कारण सापडलं. घरी तोलताना बॅटरी नाकात पुढपर्यंत सरकवली होती. मैदानावर कनेक्टरची वायर तिथवर पोचेना, म्हणून मी ती ४ सेंटीमीटर मागे बसवली. १३० ग्रॅमची बॅटरी ४ सेंटीमीटर मागे म्हणजे सबंध विमानाचा गुरुत्वमध्य ७ मिलीमीटरपेक्षा जास्त मागे. तो आधीच मागच्या हद्दीवर होता.

यात दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची हमखास गल्लत होते. गुरुत्वमध्य कुठे असायला हवा, हा पहिला. तो आत्ता कुठे आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पंख आणि शेपटीच्या आकारात असतं, वजनाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्याचं उत्तर फक्त वजनाच्या वाटणीत असतं. बोटांवर तोलून दुसरा प्रश्न सुटतो, पहिला सुटत नाही.

राइट बंधूंनाही याच्याशी झगडावं लागलं. १९०४ साली अमेरिकेत डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या मैदानावर त्यांचं विमान सारखं वर-खाली हेलकावे खायचं. इंजिन आणि टाक्या मागे सरकवून पाहिल्या, तर हेलकावे वाढले. सगळं परत जागेवर आणलं आणि पुढच्या टोकाला ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो वजन बांधलं, तेव्हा ते जरा ताब्यात आलं.

सीजी कुठे हवा

विमान किटचं असेल तर प्लॅनवर किंवा पुस्तिकेत आकडा दिलेला असतो: पंखाच्या पुढच्या कडेपासून, म्हणजे लीडिंग एजपासून, इतके मिलीमीटर. तो घ्या आणि पुढच्या टप्प्यावर जा. पण हे अंतर पंखाच्या मुळाशी मोजायचं की टोकाशी, हे नीट वाचा. पंख मागे झुकलेला असेल तर या एका गैरसमजाने मोठी चूक होते.

विमान स्वतः आखलेलं असेल किंवा प्लॅनवर आकडा नसेल, तर हिशोब करावा लागतो. मी एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. तुम्ही तुमचे आकडे घालत चला. हाय विंग ट्रेनर, म्हणजे बॉडीच्या वर पंख असलेलं शिकाऊ विमान, पंखांचा एकूण विस्तार १२०० मिमी. पंखाची रुंदी, जिला कॉर्ड म्हणतात, मुळाशी २२० मिमी आणि टोकाशी १६० मिमी. पंखाची मागची कड सरळ, त्यामुळे पुढची कड टोकाला मुळापेक्षा ६० मिमी मागे आहे.

पंख आयताकृती असता तर कॉर्ड सगळीकडे सारखीच, काम सोपं. इथे ती बदलते, म्हणून सगळ्या पंखाचं प्रतिनिधित्व करणारी एक सरासरी कॉर्ड काढायची. टोकाची कॉर्ड भागिले मुळाची कॉर्ड हे गुणोत्तर आधी काढा. त्याला 'ट' म्हणू. १६० ÷ २२० = ०.७२७.

सरासरी कॉर्ड = २/३ × मुळाची कॉर्ड × (१ + ट + ट²) ÷ (१ + ट)

आपल्या पंखाला हे येतं १९२ मिमी. ही कॉर्ड विमानाच्या मध्यरेषेपासून किती लांब आहे, हेही लागतं:

अंतर = अर्धा विस्तार ÷ ३ × (१ + २ट) ÷ (१ + ट)

अर्धा विस्तार ६००, म्हणून उत्तर २८४ मिमी. पुढची कड ६०० मिमीत ६० मिमी मागे जाते, तर २८४ मिमीवर ती २८ मिमी मागे गेलेली असणार. हा २८ चा आकडा लिहून ठेवा.

सूत्रांचा कंटाळा असेल तर कागदावर अर्धा पंख प्रमाणात काढा. मुळाशी पुढच्या कडेपासून पुढे, टोकाच्या कॉर्डइतकी रेघ वाढवा. टोकाशी मागच्या कडेपासून मागे, मुळाच्या कॉर्डइतकी रेघ वाढवा. या दोन्ही रेघांची बाहेरची टोकं जोडा. मग मुळाच्या कॉर्डचा मध्य आणि टोकाच्या कॉर्डचा मध्य जोडा. या दोन तिरक्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथली कॉर्ड म्हणजे आपली सरासरी कॉर्ड. मला स्वतःला ही पद्धत जास्त आवडते, कारण आकडेमोडीतली चूक लपून राहते आणि चित्रातली लगेच दिसते.

आता या कॉर्डच्या किती टक्क्यांवर सीजी ठेवायचा? मागे नेहमीची शेपटी असलेल्या विमानाला २५ ते ३३ टक्के हा जुना, भरवशाचा पट्टा आहे. फ्लाइंग विंगला शेपटीचा आधार नसतो, म्हणून तिथे १५ ते २० टक्क्यांपासून सुरुवात करतात. आपण ट्रेनरला ३० टक्के घेऊ. १९२ चे ३० टक्के ५८ मिमी, अधिक ते २८, एकूण ८६ मिमी. मुळाच्या पुढच्या कडेपासून ८६ मिमी, हे आपलं लक्ष्य. कुणी घाईने मुळाच्याच कॉर्डचे ३० टक्के काढले तर ६६ मिमी येतात. म्हणजे तब्बल २० मिमीचा फरक. या पंखात ती चूक पुढच्या बाजूला झाली, विमान निदान परत येईल. पंख पुढे झुकलेला असता तर हीच चूक मागच्या बाजूला झाली असती.

३० टक्के सुरक्षित आहेत की नाही, हे शेपटी ठरवते. सीजी मागे नेत गेलं तर एक जागा अशी येते की विमान स्वतःहून सरळ व्हायचं सोडून देतं. वाऱ्याने नाक वर गेलं तर ते वरच राहतं, आणि त्याच्याही मागे गेलं तर आणखी वर जातं. त्या जागेला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. सीजी नेहमी त्याच्या पुढे हवा. किती पुढे, ते सरासरी कॉर्डच्या टक्क्यांत सांगतात आणि त्याला स्टॅटिक मार्जिन म्हणतात. ५ ते १५ टक्के हा नेहमीचा पट्टा. पहिल्या उड्डाणाला १५ च्या आसपास ठेवा.

न्यूट्रल पॉइंटच्या अंदाजासाठी एमआयटीचे प्राध्यापक मार्क ड्रेला यांचं एक आटोपशीर सूत्र मी वापरतो. मॉडेल ग्लायडरच्या जगात त्यांच्या डिझाइनना मोठा मान आहे. त्यासाठी टेल व्हॉल्यूम लागतो: (शेपटीच्या आडव्या पंखाचं क्षेत्रफळ गुणिले मुख्य पंख आणि शेपटीचा पंख यांमधलं अंतर) भागिले (मुख्य पंखाचं क्षेत्रफळ गुणिले सरासरी कॉर्ड). अंतर मोजताना दोन्हीकडे पाव कॉर्डच्या रेषा, म्हणजे पुढच्या कडेपासून पाव कॉर्ड मागच्या रेषा, धरायच्या. आपल्या ट्रेनरची शेपटी ४०० × १०० मिमी आणि अंतर ५०० मिमी आहे. मुख्य पंखाचं क्षेत्रफळ २,२८,००० चौरस मिमी. टेल व्हॉल्यूम येतो ०.४५७. आणखी लागतो आस्पेक्ट रेशो, म्हणजे विस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ. पंखाचा ६.३, शेपटीचा ४.

न्यूट्रल पॉइंट = ०.२५ + (१ + २/६.३) ÷ (१ + २/४) × (१ − ४/(६.३ + २)) × ०.४५७

उत्तर सुमारे ०.४६. म्हणजे सरासरी कॉर्डच्या ४६ टक्क्यांवर, मुळाच्या पुढच्या कडेपासून ११६ मिमी. आपलं लक्ष्य ८६, मार्जिन १६ टक्के. बॉडीचं लांब नाक आणि पुढे फिरणारा प्रोपेलर न्यूट्रल पॉइंट थोडा पुढे ओढतात आणि हे सूत्र ते धरत नाही. त्यामुळे कागदावर १६ दिसतात तेव्हा हातात त्याहून कमी असतात. उत्तर १० च्या खाली आलं तर पहिल्या उड्डाणाआधी लक्ष्यच पुढे घ्या.

सीजी आत्ता कुठे आहे

तोलण्याआधी विमान उडायला जसं लागतं तसं पूर्ण जोडा. प्रोपेलर, स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी), कॅनोपी (बॉडीचं वरचं झाकण), चाकं, कॅमेरा बसवणार असाल तर कॅमेरा. बॅटरी पट्ट्याने तिच्या खऱ्या जागी घट्ट बांधा आणि कनेक्टर तिथे पोचतो याची खात्री करून घ्या. खात्री झाली की कनेक्टर काढून ठेवा. प्रोपेलर लावलेलं जिवंत विमान बोटांवर धरायचं नाही, मोटर एकदा फिरली की बोटं जातात. ग्लो इंजिनचं, म्हणजे द्रव इंधनावर चालणारं, विमान टाकी रिकामी ठेवून तोला. टाकी सहसा सीजीच्या पुढे असते, इंधन संपत जाईल तसा सीजी मागे जातो, आणि उतरताना तो सर्वांत मागे असतो.

पंखाखाली बॉडीच्या दोन्ही बाजूंना मुळाच्या पुढच्या कडेपासून ८६ मिमीवर मास्किंग टेपची बारीक पट्टी चिकटवा. दोन्ही पट्ट्या बॉडीला काटकोनात, एकाच सरळ रेषेत हव्यात. आपला पंख मागे झुकलेला आहे, म्हणून बॉडीपासून लांब जाऊन तिथल्या कडेपासून ८६ मोजलं तर खूण मागे जाईल. मुळाशी मोजा आणि काटकोनातच बाहेर जा.

मग पंखा बंद करा. छताचा पंखा चालू ठेवून तोललेलं विमान खोटं सांगतं, इतका त्या वाऱ्याचा परिणाम होतो.

बोटांवर तोलणं चालतं, पण बोटांची टोकं रुंद असतात आणि हात नकळत मदत करतो. त्यापेक्षा एका फळीवर फूटभर उंचीच्या दोन लाकडी काठ्या उभ्या ठोका. दोघींमधलं अंतर बॉडीच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. वरच्या टोकाला खोडरबराचा तुकडा चिकटवा. त्यावर टेपच्या खुणा टेकवा आणि हात हळूच काढा. हाय विंग विमानाचं वजन आधाराच्या खाली लोंबतं, म्हणून ते सरळच ठेवायचं. लो विंग (बॉडीच्या खाली पंख असलेलं) विमान सरळ ठेवलं तर वजन आधाराच्या वर येतं आणि ते कलंडत राहतं. ते उलटं करून तोला. विमान सपाट राहिलं किंवा नाक अगदी किंचित झुकलं, तर ठीक. शेपूट खाली गेली तर काम बाकी आहे.

मोठं विमान असं उचलून धरता येत नाही. त्याला वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दोन काटे असले तर उत्तम, एकच असला तर एक टोक काट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवून आळीपाळीने मोजा. बॉडी उड्डाणात असते तशी आडवी असायला हवी. शेपटीला चाक असलेलं विमान जमिनीवर नाक वर करून बसतं, तेव्हा शेपटीखाली ठोकळा ठेवा आणि त्याचं वजन वजा करा.

आपल्या ट्रेनरचं असं भरलं: पुढच्या दोन चाकांवर मिळून ९७० ग्रॅम, शेपटीच्या चाकावर १३०, एकूण ११००. पुढच्या चाकांचा आस पंखाच्या पुढच्या कडेपासून २० मिमी मागे, आणि शेपटीचं चाक त्या आसापासून ६४० मिमी मागे. आता १३० × ६४० ÷ ११०० = ७६. सीजी आसाच्या ७६ मिमी मागे, म्हणजे पुढच्या कडेपासून ९६ मिमी. हवा होता ८६. विमान १० मिमी टेल हेवी, म्हणजे मागे जड, आहे.

ही पद्धत मला म्हणूनच आवडते. काठ्यांवर विमान फक्त कुठल्या बाजूला झुकतं ते सांगतं. काटा किती मिलीमीटरची चूक आहे ते सांगतो, आणि तो आकडा हातात असला की पुढचं चाचपडत करावं लागत नाही.

चूक भरून काढणं

आधी बॅटरी हलवा, शिसं नंतर. बॅटरी किती सरकवायची ते असं: विमानाचं वजन गुणिले चूक, भागिले बॅटरीचं वजन. ११०० × १० ÷ १९० = ५८ मिमी पुढे. आपल्या नाकात जागा आहे फक्त ३० मिमीची. तेवढ्याने सीजी ५.२ मिमी पुढे येईल, उरतात ४.८ मिमी.

रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) किंवा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा) पुढे नेता येतो का ते पाहा. सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या लहान मोटरी) शेपटीत असतील तर ते बॉडीच्या मध्यावर आणून लांब पुशरॉड, म्हणजे झडपेपर्यंत जाणारी काडी, लावता येतो का तेही पाहा. शेपटीतला एक ग्रॅम कमी करणं म्हणजे नाकात दोन-तीन ग्रॅम वाचवणं. हे सगळं करूनही उरलं तर शिसं: विमानाचं वजन गुणिले चूक, भागिले शिशाच्या जागेचं लक्ष्य-सीजीपासूनचं अंतर. मोटरची फळी लक्ष्यापासून २५६ मिमी पुढे आहे. ११०० × ४.८ ÷ २५६ = २१ ग्रॅम. टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायला चिकटपट्टीची वजनं वापरतात, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे. त्यांतले ५ ग्रॅमचे चार मोटरमाउंटच्या मागे चिकटवा आणि वरून टेपचा वेढा द्या. सुटं वजन हवेत मागे घरंगळलं तर त्याच्याइतका धोका दुसरा नाही. मग पुन्हा तोला. हिशोब बरोबर असला तरी पुन्हा तोला.

जाता जाता आडवा तोलही बघा. एक बोट स्पिनरखाली, एक शेपटीखाली. दर वेळी तोच पंख खाली जात असेल तर दुसऱ्या टोकाला दोन-चार ग्रॅम लावा.

हवेत

पहिलं उड्डाण सकाळी, वारा पडलेला असताना. चांगल्या उंचीवर जाऊन अर्ध्या थ्रॉटलवर विमान सरळ चालेल असा एलिव्हेटर ट्रिम करा, म्हणजे स्टिक सोडल्यावरही तो त्याच जागी राहील असा बसवा. बराच अप ट्रिम द्यावा लागला, उतरताना अप दिला तरी नाक उचलेना, तर विमान नोज हेवी आहे. त्रासदायक, पण सुखरूप. उलट स्टिकला नुसता स्पर्श केला तरी विमान उसळतंय, सोडल्यावरही कुठल्याच कोनात स्थिर होत नाही, तर ते टेल हेवी आहे. अशा वेळी वेग कमी करू नका. एलिव्हेटर लो रेटवर (रिमोटवरच्या कमी हालचालीच्या सेटिंगवर) टाका, लहान लहान हालचाली द्या, मोठी वळणं घ्या आणि थोडा थ्रॉटल ठेवूनच उतरवा. वेग कमी करून तरंगत आणायचा मोह झाला की स्टॉल, म्हणजे पंखाची उचल सुटून विमान पडणं, ठरलेलंच.

उड्डाण ठीक झालं तर डाइव्ह टेस्ट करा. उंचावर ट्रिम केलेलं विमान साधारण ४५ अंशांत खाली वळवा, थ्रॉटल बंद करा, एलिव्हेटर सोडा आणि दोन सेकंद पाहा. नाक झटकन वर आलं तर सीजी पुढे आहे. हळूहळू, मोठ्या कमानीत वर आलं तर पहिल्या दिवसासाठी उत्तम. सरळ रेषेत तसंच जात राहिलं तर न्यूट्रल पॉइंट जवळ आहे, एरोबॅटिक्स करणाऱ्याला हेच हवं असतं. नाक आणखी खाली दुमडू लागलं तर लगेच बाहेर काढा, उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. एकाच डाइव्हवर निकाल लावू नका. मोटरचा कोन आणि पंख-शेपटीतला कोन यांचाही यात हात असतो, म्हणून दोन-तीनदा करा.

त्यावरून सीजी मागे न्यायचा असेल तर बॅटरी एका वेळी १० मिमी सरकवा. आपल्या विमानात तेवढ्याने सीजी १.७ मिमी हलतो, म्हणजे पुढच्या उड्डाणात फरक कळतो आणि विमानही हातचं जात नाही. मनासारखी जागा सापडली की बॅटरीच्या खोलीत मार्करने रेघ मारा आणि शेजारी त्या बॅटरीचं वजन लिहा. दुसऱ्या वजनाची बॅटरी घातली की ती रेघ तिच्या कामाची नाही.

आणि शेपटीची दुरुस्ती केली की विमान परत काठ्यांवर चढवा. तुटलेल्या शेपटीला इपॉक्सी, फायबर टेप आणि बांबूची काडी मिळून १० ग्रॅम सहज लागतात. सीजीच्या ५५० मिमी मागे लागलेले ते १० ग्रॅम या ट्रेनरचा सीजी ५ मिमी मागे नेतात.